वाघाची चौकशी

"बरोबर कोण आलंय?" ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसलेल्या नर्सनं विचारलं.

मी स्ट्रेचरवर आडवी होते. अंगात हिरवा झगा, केसांच्या दोन वेण्या, डोक्याला फडकं. म्हटलं, "मालक येतायत. वाटेत असतील."

"कुठून येतायत?"

"सर्कशीतून. वाघाला जेवायला घातल्याशिवाय त्यांना निघता येत नाही."

नर्स नवी होती. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या दंडाला प्रेशरचा पट्टा बांधत असलेल्या साळवेसिस्टरांकडं पाहिलं. साळवेसिस्टरांचा चेहरा होता तसाच राहिला.

"मग दागिने कुणाकडं देता?"

दागिने म्हणजे काय, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, नाकात चमकी आणि गळ्यात दोन वाट्यांची काळी पोत. मी म्हटलं, ते आले की त्यांच्याच हातात देईन. साळवेसिस्टरांनी रबरी फुगा दाबायला सुरुवात केली, आणि पारा असा वर गेला म्हणता, की काच फोडून छताला चिकटला. छतावर तो डाग पुढं कित्येक वर्षं होता. तुम्हाला दाखवलाही असता, पण नंतर त्यांनी चुना मारला.

भूल देणारे डॉक्टर शहरातून फक्त गुरुवारी यायचे. त्यांनी पाऱ्याकडं पाहून मान हलवली, मराठे डॉक्टर आतून येऊन त्यांच्याशी काहीतरी बोलले, आणि मला आले त्याच वाटेनं परत वॉर्डात नेलं. मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं की थिएटरातला दिवा बिघडलाय.

माझ्या गर्भाच्या पिशवीत गाठ होती. नारळाएवढी. मराठे डॉक्टर लिंबाएवढी म्हणाले, पण डॉक्टरांना कौतुक नसतं कशाचं. अंगावरून इतकं जायचं की सुईत दोरा ओवायला मान वर केली तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर घालून, बारीक धावदोऱ्याच्या. घरी मी आणि सुई, तिसरं कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ काढल्याशिवाय हे थांबायचं नाही, आणि प्रेशर उतरल्याशिवाय गाठ काढता यायची नाही. इतकी साधी गोष्ट होती. नुसता पारा खाली राहायला हवा होता.

त्यासाठी त्यांनी मला झोपेच्या गोळ्या दिल्या. मला गोळी गिळायची भीती. भीती म्हणजे नावड. मी गोळी जिभेखाली धरायची आणि सिस्टर वळल्या की खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत थुंकायची. ती कोरफड पुढं दिवसभर मान टाकून घोरत पडायची. एका दुपारी साळवेसिस्टर कुंडीपाशी थांबल्या, बोटानं माती उकरली आणि म्हणाल्या, "गोळी कोरफडीला लागू पडलेली दिसते."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"नको तर नको," त्या म्हणाल्या. "गोळीशिवाय काय होतं ते बघू."

साळवेसिस्टर नगरकडच्या. ख्रिस्ती बाई, अंगानं ऐसपैस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, ते चालताना चिमणीसारखे चिवचिवायचे. आवाज मात्र फार हळू. इतक्या हळू बोलायच्या की त्यांचं ऐकायचं तर माणसाला रडणं थांबवावं लागायचं. उभ्यानं त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. स्टूल ओढायचं, खाटेच्या उंचीला बसायचं, मगच तोंड उघडायचं.

माझ्या शेजारच्या खाटेवर राजाक्का मगदूम होती. कृष्णाकाठच्या गावची जैन बाई, पित्ताचे खडे झालेली. चार वाजता भेटीची वेळ झाली की तिच्या खाटेभोवती अख्खं गाव उभं राहायचं. दीर, जावा, लेकी, जावई, सासूची बहीण. येताना डबे आणायचे आणि डब्याबरोबर कुठली बाई कुठल्या टेबलावर कशी गेली त्याची हकिगत आणायचे. ती ऐकून राजाक्का रडायची, मग सगळे रडायचे, मग डबा खायचे. मला चार वाजले की गाढ झोप लागायची. भिंतीकडं तोंड करून अशी झोपायचे, की जगात कुणी झोपलं नसेल. डोळे मिटून कोणत्या डब्यात काय आहे ते ओळखायचे. सहा वाजता घंटा झाली की जागी व्हायचे.

साळवेसिस्टरांनी हळूहळू तिच्या माणसांचा बंदोबस्त केला. दोघांनीच आत यायचं, आणि ज्याला रडू येईल त्यानं व्हरांड्यात जाऊन रडायचं. व्हरांडा भरला, खाट मोकळी झाली. मग एके दिवशी दुपारी त्या स्टूल घेऊन माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "भामाबाई, शेजारच्या बाई फार घाबरल्यात. तुमच्याकडं गोष्टींचा साठा आहे. एवढं एक काम माझं कराल का? रोज दुपारी त्यांच्याशी बोलत चला."

मी म्हटलं, त्यात काय, मला कुठं दुसरं काम आहे.

पहिल्याच दिवशी मी राजाक्काला वाघाची गोष्ट सांगायला घेतली. वाघाचं नाव सुभेदार. माझे मालक त्याचे मास्तर. रोज खेळाच्या शेवटी ते त्याच्या जबड्यात मान घालायचे. एकदा मान आत असताना सुभेदाराला उचकी लागली.

राजाक्का रडता रडता थांबली. "मग?"

"मग काय. मालकांनी आतूनच विचारलं, कोण आठवण काढतंय रे तुझी? आणि पाणी मागवलं."

"थांब," राजाक्का म्हणाली. "आधी मला सांग, ह्यो वाघ खातो काय?"

मी आठवून सांगणार होते की रोज एक बकरं. पण तिच्याकडं पाहिलं. कांदा-बटाटासुद्धा वर्ज्य, दिवस बुडाल्यावर जेवणही वर्ज्य असलेली बाई, पोटाला हात धरून माझ्याकडं बघत होती. म्हटलं, "भात."

"वाघ? भात?"

"आमटीभात. सणाला पुरणपोळी. लहानपणापासून सवय लावली."

"आणि कवा जेवतो?"

हे कुठं चाललंय ते माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "सूर्य मावळायच्या आत. दिवा लागला की पाण्यालासुद्धा तोंड लावत नाही."

राजाक्का उशीला टेकली. तिचा श्वास खाली बसला होता. मग माझ्याकडं रोखून बघत ती म्हणाली, "हे बघ भामे. मी मुनीमहाराजांपुढं नेम घेतलाय, खोटं बोलायचं न्हाई. ऐकायचं न्हाई, असा नेम न्हाई. तू सांग."

तिथून पुढं रोज दुपारी सर्कस लागली. एकदा वादळात तंबू उडाला तो प्रेक्षकांसकट निपाणीत जाऊन उतरला, लोक टाळ्या वाजवतच होते, आणि निपाणीचे लोक म्हणाले आता आमचं तिकीट काढा. राजाक्कानं विचारलं, मग परत कसे आले? मी म्हटलं, वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत तिथंच खेळ केले. ती हसायची तेव्हा पोटात कळ यायची, मग शिव्या द्यायची, मग म्हणायची, पुढं सांग. खोटारडे, भवाने, अशी नावं ठेवायची. मला बरीच वर्षं कुणी नावं ठेवली नव्हती.

संध्याकाळी साळवेसिस्टर दोन घमेली घेऊन यायच्या. कढत पाणी, त्यात मूठभर मीठ. दोघींनी खाटेच्या कडेला बसून पाय बुडवायचे. मी म्हणाले, मला कशाला, घाबरलीय ती. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही नाही बसलात तर त्याही बसणार नाहीत." म्हणून मी बसायची, राजाक्कासाठी. पाणी निवेपर्यंत त्या दोघींच्या मध्ये स्टुलावर बसून राहायच्या. कधी काही बोलायच्या, कधी नुसत्याच.

एकदा म्हणाल्या, "चूल कशी फुंकता तुम्ही, दाखवा बघू."

राजाक्कानं गाल फुगवून असा वारा सोडला की पलीकडच्या खाटेवरचा पंचा हलला. सिस्टरांनी मान हलवली. "ही पेटवायची फुंकर झाली. सकाळी राखेखाली एकच निखारा उरलाय, असं समजा. तो विझू द्यायचा नाही आणि राखही उडू द्यायची नाही. हातात फुंकणी आहे. आता?"

मी डोळे मिटून फुंकलं. इतक्या हळू, इतक्या लांब, की संपता संपेना. पोटापासून खांद्यांपर्यंत काहीतरी खाली बसत गेलं. डोळे उघडले तर साळवेसिस्टर माझ्याच मनगटावर बोटं ठेवून बसल्या होत्या. म्हटलं, तिची नाडी बघा, माझी कशाला. त्या म्हणाल्या, हो, तिचीपण बघते.

मग एक दिवस त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणून ठेवली. राजाक्काला पोटाच्या दुखण्यानं हात वर नेता येत नव्हते, तेव्हा तिची वेणी मी घालायची. घातली. लांबसडक, दाट केस, गुंता काढता काढता दुपार सरली. शेवटचा पेड घातल्यावर ती खाटेवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "ये आता. बस पुढ्यात." मी म्हटलं, हात वर जात नाहीत ना तुझे? ती म्हणाली, तू खाली बसलीस की मला वर कुठं न्यायचेत. फरशीवर बसले. तिनं तळहातावर तेल घेतलं आणि माझ्या टाळूवर थापलं.

"हलू नको की," ती म्हणाली.

मी हलत नव्हते. अंगच हलत होतं. तिनं दुसऱ्या हातानं माझा खांदा धरला आणि कितीतरी वेळ नुसताच धरून ठेवला. वाघाचं काय झालं ते त्या दिवशी तिनं विचारलं नाही.

गुरुवार आला. दोघींचीही ऑपरेशनं त्याच दिवशी लागली होती, आधी तिचं, मग माझं. आदल्या दिवशी साळवेसिस्टर आम्हाला थिएटर दाखवायला घेऊन गेल्या. टेबल रिकामं, दिवा बंद. राजाक्कानं टेबलाला हात लावून बघितला, म्हणाली, आमच्या पिठाच्या गिरणीतलं ओट्याचं फळकूट ह्यापेक्षा रुंद हाय. सिस्टर म्हणाल्या, पडायच्या नाही तुम्ही, पट्टा असतो, आणि मी डोक्याशी असते. मला त्यांनी दारातून आत नेताना जरा थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, दिवा चालू झाला म्हणायचा.

गुरुवारी सकाळी राजाक्काचं स्ट्रेचर निघालं, मागून वरात निघाली. दाराशी तिनं एकेक दागिना उतरवला. पाटल्या, बिलवर, कानातली फुलं, बोरमाळ, मंगळसूत्र. लेकीच्या ओंजळीत मावेनात, तेव्हा जावयानं टोपी पुढं केली. ती त्या दवाखान्याची रीतच होती. पूर्वी कधीतरी कुणाची नथ हरवून मोठं भांडण झालेलं, तेव्हापासून दवाखाना कुणाच्या दागिन्याला हात लावत नसे. ज्याचं माणूस त्यानं दाराशी उभं राहायचं, आणि बाईनं त्याच्या हातात द्यायचं. राजाक्कानं सगळं दिलं, मोकळी झाली आणि गाल न फुगवता, हळू, लांब फुंकर घालत आत गेली. पारा जागचा हलला नाही. तिचे खडे बाटलीत घालून बाहेर आणले तेव्हा व्हरांड्यात ते हातोहात फिरले.

मग माझं स्ट्रेचर दाराशी आलं. मीही फुंकत होते. राख उडत नव्हती.

"बरोबर कोण आलंय?" नर्सनं विचारलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

या वेळी मराठे डॉक्टर स्वतः वॉर्डात आले. माणूस चांगला होता, रागावला नाही. म्हणाले, बाई, तुमच्या अंगात रक्त किती उरलंय ते मला माहीत आहे, फार थांबता यायचं नाही. पुढच्या खेपेलाही असंच झालं तर मी इथं हात लावणार नाही, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवीन. तिथं रांग मोठी, तेव्हा कुणीतरी घरचं माणूस बरोबर राहायला लागेल. आहे ना?

"आहेत की मालक," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी साळवेसिस्टरांनी एकच घमेलं आणलं. राजाक्का ऑपरेशनच्या गुंगीत पलीकडं तोंड करून पडली होती. मी पाय बुडवले. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वॉर्डात तुमचं प्रेशर ठीक असतं. आज मी मुद्दाम वाटेत बघितलं, जिन्यापाशी. तिथंही ठीक होतं. दारात काय होतं, भामाबाई?"

मी म्हटलं, दिव्याचा काहीतरी...

त्या थांबल्या. कुणी इतकं थांबलं की त्रास होतो. पाण्यात माझी बोटं दिसत होती, सुरकुतलेली.

"सर्कस खरी," मी म्हटलं. "नवरा त्या सर्कशीबरोबर गेला, तेही खरं. वाघ तेवढा माझा."

त्यांनी मान हलवली, पुढं सांगा म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. मग मीच सांगितलं. आमच्या गावाबाहेर नदीकाठच्या मळीच्या रानात सर्कस उतरली होती. लहानशी, दोन घोडे आणि एक अस्वल. तंबू जागोजाग फाटलेला. आम्ही दोघं नवराबायको ठिगळं लावायला गेलो, तो एका बाजूनं शिवायचा, मी दुसऱ्या बाजूनं. मुक्काम हलला तेव्हा तो म्हणाला, पुढच्या गावापर्यंत जाऊन येतो, तंबूचं थोडं काम राहिलंय. त्याची बाजू त्यानं कच्चीच शिवली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"ती विचारते ना, दागिने कुणाकडं देता," मी म्हटलं. "वॉर्डात कुणी विचारत नाही. गावात आता कुणी विचारत नाही, वाघानं सगळ्यांची तोंडं बंद केलीत. पण तिथं द्यावेच लागतात. आणि द्यायचं म्हटलं, की घ्यायला पलीकडं कुणाचातरी हात लागतो."

 साळवेसिस्टरांनी टॉवेल घेतला, माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि बोटांच्या मधलंसुद्धा पुसलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "बघू."

राजाक्काचे टाके निघाले आणि तिला घरी सोडलं. पुन्हा तीच वरात, डबे, बोचकी, खड्यांची बाटली. निघताना ती माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली, पोटाला हात धरून. म्हणाली, "सुभेदाराला सांभाळ." मी म्हटलं, त्याला काय धाड भरलीय. ती गेली, आणि आयाबाईनं तिच्या खाटेवरची चादर ओढून घेतली.

रिकाम्या खाटेला गोष्ट सांगून बघितली मी. तंबू निपाणीला पोचलाच नाही. मध्येच कुठंतरी पडून राहिला. चार वाजता भेटीची घंटा व्हायची, आणि आता भिंतीकडं तोंड करायचीही गरज नव्हती, कारण शेजारी कुणी यायचं नव्हतं. मी उताणी पडून छताकडं बघत राहायचे. साळवेसिस्टर संध्याकाळी घमेलं घेऊन यायच्या, वेणी त्या घालायच्या. त्यांचा हात चांगला होता, पण राजाक्कासारखा ओढायचा नाही. मी एकटीच फुंकणीशिवाय फुंकायचे. निखारा असेल कुठंतरी, असं म्हणायचं.

पुन्हा गुरुवार आला. हिरवा झगा, दोन वेण्या, फडकं. चाकं कुरकुरत निघाली. जिन्यापाशी सिस्टरांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. दार आलं. नर्स तीच.

"बरोबर कोण आलंय?"

मी तोंड उघडलं. पुण्याची रांग मला दिसत होती. तेवढ्यात दाराशेजारच्या बाकावरून कुणीतरी सावकाश, भिंतीचा आधार घेत उठलं.

"मी हाय की," राजाक्का म्हणाली.

पोटाला पट्टा बांधलेला, एसटीच्या धुरळ्यानं पदर मळलेला. एकटीच होती. वरात नाही, डबा नाही. तिच्या घरच्यांनी तिला इतक्यात कशी सोडली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

नर्सनं तिला ओळखलं. म्हणाली, तुम्ही गेल्या खेपेच्या पेशंट ना? तुम्ही यांच्या कोण?

राजाक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. समोर बघत, शाळेतल्या मुलीनं धडा म्हणावा तशी, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "ह्यांच्या मालकांनी मला धाडलंय. वाघाला ताप आलाय. त्याला सोडून त्यांना निघता येईना. म्हणाले, राजाक्का, तू जा, आणि दागिने ताब्यात घे."

नर्सच्या हातातली पेन्सिल थांबली. मी राजाक्काकडं बघत राहिले. महाराजांपुढं नेम घेतलेली बाई. तिचे कान लाल झाले होते.

"ताप किती आहे?" साळवेसिस्टरांनी विचारलं. अगदी हळू, आणि चेहरा न हलवता.

"उतरतोय," राजाक्का म्हणाली. "पेज घेतली सकाळी."

मला हसू आलं. पोटातून आलं, आणि हसता हसता तो लांब श्वास आपोआप सुटला. मी एकेक बांगडी उतरवली. काही मनगटावर रुतल्या होत्या, राजाक्कानं थुंकी लावून फिरवत काढल्या. चमकी काढली. पोत मी स्वतः मानेवरून काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली. साळवेसिस्टरांनी फुगा दाबला, कानाला नळी लावून ऐकलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांकडं बघून नुसती मान हलवली.

चाकं आत गेली.

शुद्धीवर आले तेव्हा वॉर्डात दुपारचं ऊन होतं. राजाक्का स्टुलावर बसली होती, सिस्टरांच्या स्टुलावर, खाटेच्या उंचीला. तिच्या पदराला मोठी गाठ होती आणि त्या गाठीवर तिनं दोन्ही हात ठेवले होते.

मी पहिलं काय विचारलं असेल? "गाठ केवढी होती?"

"नारळाएवढी," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "आता मोडलाच हाय नेम, तर मोडलाच."

मग तिनं सांगितलं की ह्या खोट्याचं प्रायश्चित्त म्हणून आता वर्षभर गूळ सोडलाय. मी म्हटलं, एवढ्याशा खोट्याला वर्षभर? ती म्हणाली, एवढंसं कसं, अख्खा वाघ होता.

थोडं पाणी पाजल्यावर मी म्हटलं, माझ्या गोष्टींनी तुला धीर आला, म्हणून उपकार फेडायला आलीस होय? 

"मला कशाला धीर?" ती म्हणाली. "सिस्टर पहिल्याच दिवशी माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, शेजारची बाई फार घाबरलीय. तिला बोलायला माणूस न्हाई. तेवढं रोज दुपारी ऐकून घ्या."

"मला त्यांनी तुझ्याबद्दल हेच सांगितलं."

"मग घाबरलं होतं कोण?"

आम्ही दोघींनी दाराकडं पाहिलं. साळवेसिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या बाईच्या खाटेशी बसल्या होत्या, आणि ती बाई रडणं थांबवून त्यांचं ऐकायचा प्रयत्न करत होती.

राजाक्कानं पदराची गाठ सोडली. बांगड्या तिनं एकेक करून माझ्या हातात चढवल्या. पोत तळहातावर धरून थांबली, घालू का नको, असं. मी सिस्टरांना सगळं सांगितलं त्या संध्याकाळी ती पलीकडं तोंड करून नुसती पडून होती, झोपली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी मान पुढं केली. म्हटलं, घाल. नाहीतर वाघाला कुणाचा म्हणायचं?

पुढं ती दर वर्षी वाकळ शिवायला टाकायच्या निमित्तानं माझ्याकडं यायची. तिच्या घरात वाकळांची चळत लागली असेल. आली की ओसरीवर टेकायची, तेलाची बाटली काढायची आणि म्हणायची, बस पुढ्यात. आणि आधी चौकशी करायची, सुभेदार कसा हाय? मी सांगायची. एका वर्षी त्याला चष्मा लागला. एका वर्षी तो काशीला जाऊन आला. ती म्हणायची, खोटारडे, आणि केस ओढायची.

राजाक्का गेली त्यालाही आता बराच काळ लोटला. साळवेसिस्टर तर तिच्या आधीच. तेल मी आता स्वतःच लावते, हात अजून वर जातात. संध्याकाळी घमेल्यात पाय बुडवून बसते, निखारा फुंकते. दुपार मात्र लांब वाटते. वाघाची चौकशी करणारं कुणी राहिलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

कुणी विचारलंच, तर सांगा. दात पडलेत त्याचे. पण अजून सूर्य मावळायच्या आत जेवतो.